‘मेन’ की ‘ब्रँच’? अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांची नावं आणि ‘फ्लॅगशिप’ नावाचं प्रकरण

प्रश्न थोडक्यात असा: मुलीला एमएससाठी तीन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस ॲट डॅलस, युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागो आणि युनिव्हर्सिटी ॲट बफलो. काकांचं म्हणणं, “खरी टेक्सस ऑस्टिनची, खरी इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनची, बाकी सगळ्या ब्रँचेस.” मावसभाऊ म्हणतो, “बफलो फ्लॅगशिप आहे, डोळे झाकून तेच घ्या.” यात अधिकृत काय आहे, आणि फॉर्मवर नाव नेमकं कसं लिहायचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तिन्ही स्वतंत्र विद्यापीठं आहेत आणि त्यांतलं एकही दुसऱ्या कुणाची शाखा नाही. प्रत्येकाची ॲक्रेडिटेशन (शैक्षणिक मान्यता) वेगळी, प्रवेश वेगळे, पदवीवरचं नाव वेगळं. ‘फ्लॅगशिप’ ही अमेरिकेच्या केंद्र सरकारने दिलेली पदवी किंवा दर्जा नाही. बहुतेक राज्यांत तो बोलण्यातला रिवाज आहे, आणि मोजक्या राज्यांतच कुणीतरी तो कागदावर आणला आहे. न्यूयॉर्क हे त्या मोजक्यांतलं एक, त्यामुळे मावसभावाची माहिती बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. काकांची माहितीच चुकीची आहे, पण त्यांचा गैरसमज इतका सर्रास आहे की त्याची मुळं आधी बघायला हवीत.

आपल्या डोक्यात विद्यापीठ म्हटलं की संलग्न महाविद्यालयांचं चित्र असतं. परीक्षा विद्यापीठाची, पदवी विद्यापीठाची, शिकवणार कॉलेज. दुसरं चित्र क्लासचं: पुण्यात मुख्य, ठाण्यात आणि नाशिकला शाखा. अमेरिकेतली राज्याची ‘सिस्टिम’ या दोन्हींत बसत नाही. सिस्टिम म्हणजे एका नियामक मंडळाखाली ठेवलेली अनेक विद्यापीठं. हे मंडळ कुठे बोर्ड ऑफ रीजंट्स, कुठे ट्रस्टीज, कुठे क्युरेटर्स म्हणवतं. जमीन, बांधकाम, फी, अध्यक्षाची नेमणूक असे मोठे विषय त्याच्याकडे असतात. अभ्यासक्रम कोणता, कुणाला घ्यायचं, कुणाला प्राध्यापक नेमायचं हे प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण बघतं.

पदनामांतही गोंधळ आहे. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये अख्ख्या सिस्टिमचा प्रमुख ‘प्रेसिडेंट’ आणि एकेका विद्यापीठाचा प्रमुख ‘चॅन्सलर’. टेक्सस आणि न्यूयॉर्कमध्ये बरोबर उलटं: वर चॅन्सलर, खाली प्रेसिडेंट. त्यामुळे ‘चॅन्सलर’ वाचून लगेच ‘कुलपती’ म्हणजे राज्यपालासारखं मानाचं पद समजू नका. अर्बाना-शॅम्पेनचा चॅन्सलर हा कामाने आपल्या कुलगुरूच्या जवळचा.

आता डॅलसचंच बघा. ऑस्टिनने तिकडे जाऊन दुकान थाटलं, असं काही घडलेलं नाही. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे संस्थापक सेसिल ग्रीन, एरिक जॉन्सन आणि यूजीन मॅकडरमॉट यांनी 1961 साली डॅलसजवळ रिचर्डसनला एक खाजगी संशोधन केंद्र काढलं. ती संस्था 1969 साली त्यांनी राज्याला दिली, आणि राज्याने ती टेक्सस सिस्टिममध्ये घातली. पदवीच्या पहिल्या वर्षाला मुलं घ्यायला तिथे 1990 साल उजाडलं; तोवर वरचे वर्ग आणि संशोधनच. शिकागोचं विद्यापीठ 1982 साली दोन संस्था एकत्र करून झालं: शहरातलं ‘शिकागो सर्कल’ कॅम्पस आणि त्याहून बरंच जुनं वैद्यकीय केंद्र. बफलो तर 1846 पासून 1962 पर्यंत खाजगी विद्यापीठ होतं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले मिलर्ड फिलमोर त्याचे पहिले चॅन्सलर. म्हणजे तीन ठिकाणं, तीन वेगळे जन्म. एकाच्याही जन्मदाखल्यावर ‘शाखा’ लिहिलेलं नाही.

मग नावात सारखेपणा कुठून आला? दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या फुगली, राज्यांना नवी विद्यापीठं हवी झाली आणि जुन्या शेतकी, शिक्षक-प्रशिक्षण किंवा खाणकाम शाळांना बढती देणं हा स्वस्त मार्ग होता. बढती मिळालेल्या प्रत्येकीला राज्याचं नाव हवं होतं, कारण अनुदान, देणग्या, खेळाच्या स्पर्धा सगळं नावावर मिळतं. राज्याचं नाव मिरवणाऱ्या जुन्या विद्यापीठाला ते वाटून घ्यायचं नव्हतं. तोडगा निघाला तो गावाच्या नावाचा: सगळ्यांनी राज्याचं नाव लावा, पुढे आपापलं गाव जोडा. थोरल्यालाही गाव लावावं लागलं, हीच त्यातली खरी गंमत. 1883 पासून नुसती ‘युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस’ असलेली संस्था 1967 साली ‘द युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस ॲट ऑस्टिन’ झाली, आणि त्याच वर्षी एल पासोचं टेक्सस वेस्टर्न कॉलेज ‘युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस ॲट एल पासो’ झालं. आपल्याकडे विद्यापीठाच्या नावावरून वाद होतो तो कुणाचं नाव द्यायचं यावर. मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारासाठी 1994 उजाडावं लागलं. तिकडे भांडण असतं राज्याचं नाव एकट्याने कुणी मिरवायचं यावर.

हे भांडण किती टोकाला जातं याचा उत्तम नमुना नॉर्थ कॅरोलिना. 1963 साली राली शहरातल्या स्टेट कॉलेजला सिस्टिमच्या साच्यात बसवण्यासाठी नाव दिलं गेलं ‘नॉर्थ कॅरोलिना स्टेट ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना ॲट राली’. राज्याचं नाव एकाच पाटीवर दोनदा. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी खवळले, आणि दोनच वर्षांत, 1965 साली, ते ‘नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी ॲट राली’ करावं लागलं. समितीने बसून केलेल्या नावांचं हे असंच होतं.

लुइझियानात युक्ती वेगळी. लाफिएटच्या विद्यापीठाला ‘युनिव्हर्सिटी ऑफ लुइझियाना’ व्हायचं होतं, पण बॅटन रूजच्या लुइझियाना स्टेटला हा दावा मान्य होणं शक्य नव्हतं. शेवटी वाट निघाली ती अटींसह: हे नाव एकट्याला मिळणार नाही, किमान दोन संस्थांनी ते घ्यायचं आणि गावाचं नाव सोबत हवंच. म्हणून 1999 साली लाफिएट आणि मन्रो दोघांनी एकदम पाटी बदलली. मन्रोला हे नाव जितकं हवं होतं त्यापेक्षा जास्त लाफिएटला मन्रोची गरज होती, असं म्हणायला हरकत नाही.

मिझूरीने उलटा प्रवास केला. 1963 साली सिस्टिम झाली तेव्हा जुन्या विद्यापीठाला ‘कोलंबिया’ हे गाव चिकटलं. 2007 च्या नोव्हेंबरात क्युरेटर्सनी ते काढून टाकलं आणि ते परत नुसतं ‘युनिव्हर्सिटी ऑफ मिझूरी’ झालं. कॅन्सस सिटी आणि सेंट लुइसची गावं मात्र तशीच राहिली. चौथ्याने, रोलाच्या अभियांत्रिकी संस्थेने, साचाच सोडला: 1 जानेवारी 2008 पासून ती ‘मिझूरी युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ आहे. गाव गळालं की थोरला, गाव राहिलं की धाकटा, असा संकेत अशा नावांतून तयार होतो. आणि रोलासारख्या मजबूत तांत्रिक संस्थेला तो नको असतो. काकांचा गैरसमज इथूनच येतो.

‘फ्लॅगशिप’ हा शब्द नौदलाचा: ताफ्याच्या प्रमुखाचा झेंडा ज्या जहाजावर, ते जहाज. मराठीत नौदलापुरता ‘ध्वजनौका’ चालतो, विद्यापीठाला कुणी तसं म्हणत नाही. मनात चित्र हवं असेल तर देवासच्या पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती आठवा. मान थोरलीचा, पण धाकटी पाती थोरलीची नोकर नव्हे. दोघींची गादी आपापली.

साधारणपणे राज्यातलं सर्वांत जुनं, संशोधनात मोठं, पीएचडी जास्त देणारं सरकारी विद्यापीठ फ्लॅगशिप म्हणवलं जातं. फीची तुलना करणाऱ्या संस्था दर राज्यामागे एक नाव घेऊन तक्ता करतात आणि त्याने हा शब्द आणखी रुळला. पण अधिकृत कुठे आहे, हे बघायला गेलं तर तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा कायद्याची. मेरीलँडमध्ये 1988 साली सिस्टिमची फेररचना झाली, तेव्हा कॉलेज पार्क गावातल्या विद्यापीठाला फ्लॅगशिप म्हणून कायद्यानेच नेमलं. पुढे 1997 साली त्याला नुसतं ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड’ म्हणवून घ्यायची कायदेशीर मुभाही मिळाली. फ्लोरिडाने शब्द टाळून निकष घातले: 2013 च्या कायद्यात ‘प्रीएमिनंट’ अशी वर्गवारी आली, मोजपट्ट्या ठरल्या आणि गेन्सव्हिलचं युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा व फ्लोरिडा स्टेट आधी बसली, साउथ फ्लोरिडा 2018 साली आलं. माझ्या मते ही पद्धत जास्त प्रामाणिक आहे, कारण दर्जा टिकवायलाही निकष लागतात.

दुसरी तऱ्हा घोषणेची, आणि तुमचं बफलो इथे येतं. न्यूयॉर्कची सिस्टिम 1948 सालची, तिच्यात 64 संस्था, आणि सत्तरहून अधिक वर्षं तिने मुद्दाम कुणालाही थोरलं म्हटलं नाही. बफलो, स्टोनी ब्रूक, ऑल्बनी आणि बिंगमटन ही चार ‘विद्यापीठ केंद्रं’ बरोबरीची मानली जायची. जानेवारी 2022 मध्ये राज्यपाल कॅथी होकुल यांनी बफलो आणि स्टोनी ब्रूक या दोघांना फ्लॅगशिप जाहीर केलं. म्हणजे एका ताफ्याला दोन ध्वजनौका! घोषणेमागे संशोधनाच्या निधीचा हेतू होता, आणि तो चांगलाच. पण जानेवारीत घोषणा झाली म्हणून फेब्रुवारीत वर्गातलं शिकवणं बदलत नाही. बफलो त्याआधीही चांगलं संशोधन विद्यापीठ होतं. निवडक संशोधन विद्यापीठांची जी संघटना आहे, असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज, तिचं ते 1989 पासून सदस्य आहे.

तिसरी तऱ्हा पैशाची. तिथे कुणी ‘फ्लॅगशिप’ म्हणत नाही, तिजोरीच बोलते. टेक्ससच्या 1876 च्या राज्यघटनेत ‘पहिल्या प्रतीचं विद्यापीठ’ काढायचा आदेश आहे. त्यासाठी पश्चिम टेक्ससमधली जमीन राखून ठेवली; आज ती सुमारे 21 लाख एकर आहे. रुक्ष माळ, कुणाला नको होता. 28 मे 1923 ला तिथे ‘सांता रीटा नंबर 1’ या विहिरीला तेल लागलं आणि चित्र पालटलं. त्या उत्पन्नातून उभा राहिलेला कायम निधी दोन सिस्टिममध्ये वाटला जातो: दोन तृतीयांश टेक्सस सिस्टिमला, एक तृतीयांश टेक्सस ए अँड एमला. खरी मेख पुढे आहे. टेक्सस सिस्टिमच्या वाट्यातून कर्जरोख्यांचे हप्ते गेल्यावर जे उरतं, ते राज्यघटनेच्या 7व्या प्रकरणातल्या 18व्या कलमाप्रमाणे ऑस्टिनच्या चालू खर्चाला आणि सिस्टिमच्या कारभाराला जातं. डॅलस, आर्लिंग्टन, एल पासो यांना रोख्यांच्या पैशातून इमारती आणि उपकरणं मिळतात. रोजच्या खर्चासाठी त्या विहिरीचं तेल त्यांच्या दिव्यात पडत नाही. ऑस्टिनचं थोरलेपण समजायचं तर हे कलम वाचावं. काकांच्या म्हणण्यात जो काही सत्याचा अंश आहे तो एवढाच.

कॅलिफोर्निया आणखी वेगळी. तिथे कायदेशीर संस्थाच एक आहे, ‘द रीजंट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’, आणि तिची दहा कॅम्पस. बर्कली 1868 च्या मूळ संस्थेचं. लॉस एंजेलिस 1919 साली ‘सदर्न ब्रँच’ म्हणून सुरू झालं. म्हणजे ज्या एका मोठ्या विद्यापीठाच्या नावात खरोखर ‘ब्रँच’ होतं, त्याला आज कुणी ब्रँच म्हणायला धजणार नाही. याच राज्यात ‘कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी’ ही दुसरी सिस्टिम आहे. 1960 च्या मास्टर प्लॅनने दोघींची कामं वाटून दिली: संशोधन आणि पीएचडी मुख्यतः पहिलीकडे, पदवी आणि मास्टर्स दुसरीकडे. नावातल्या एका ‘स्टेट’ शब्दाने सिस्टिम बदलते, हे कॅलिफोर्नियात तरी विसरू नये. इतर राज्यांत मात्र ‘स्टेट’ म्हणजे दुय्यम असा नियम करू नका. ओहायो स्टेट हे त्या राज्याचं सर्वांत मोठं संशोधन विद्यापीठ आहे, आणि नुसतं ‘ओहायो युनिव्हर्सिटी’ हे 1804 सालचं वेगळंच विद्यापीठ. ओहायो स्टेटला आपल्या नावातल्या ‘द’चा इतका अभिमान की 2022 साली कपड्यांपुरता त्या शब्दाचा ट्रेडमार्कही मिळवला.

नाव आणि रचना यांनी हिशेब कसा बिघडतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण नेब्रास्का. लिंकनचं विद्यापीठ 1909 पासून वर सांगितलेल्या असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीजचं सदस्य होतं. 2011 साली त्याला बाहेर पडावं लागलं. वैद्यकीय केंद्र ओमाहाला, वेगळ्या प्रशासनाखाली. त्यामुळे तिथलं संशोधन लिंकनच्या खात्यावर धरलं गेलं नाही. शिवाय शेतकी संशोधनाचा बराचसा सरकारी पैसा त्या मोजणीत कमी धरला जातो. वैद्यकीय महाविद्यालय एकाच नावाखाली असलेल्या विद्यापीठांशी त्याची तुलना अशी लंगडी पडली. क्रमवारीचे तक्ते वाचताना हे ध्यानात ठेवा: शिकागोच्या खात्यात तिथलं वैद्यकीय संशोधन येतं, डॅलस शहरातलं प्रसिद्ध वैद्यकीय केंद्र ‘साउथवेस्टर्न’ हे टेक्सस सिस्टिममधलंच पण स्वतंत्र आहे, त्याचं एक पैचं संशोधन रिचर्डसनच्या ‘ॲट डॅलस’ विद्यापीठाच्या खात्यात जात नाही.

आता ‘शाखा’ हा शब्द. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नियमांत ‘ब्रँच कॅम्पस’ची व्याख्या आहे, म्हणून अंदाजावर राहायची गरज नाही. प्रत्येक संस्थेला ओपीई आयडी नावाचा आठ आकडी क्रमांक असतो. पहिले सहा आकडे संस्थेचे, शेवटचे दोन जागेचे: 00 म्हणजे मुख्य, दुसरं काही असेल तर त्या संस्थेची जोडलेली जागा. खात्याच्या ‘कॉलेज नॅव्हिगेटर’ या साइटवर विद्यापीठाचं नाव टाकलं की हा क्रमांक दिसतो. तुमची तिन्ही विद्यापीठं तिथे पाहा, तिन्हींच्या शेवटी 00 आहे. त्याच पानावर ॲक्रेडिटेशनचा भाग उघडला की मान्यता देणारी संस्थाही दिसते: डॅलसला दक्षिणेकडच्या राज्यांचं सदर्न असोसिएशनचं कमिशन, शिकागोला हायर लर्निंग कमिशन, बफलोला मिडल स्टेट्स कमिशन. या तिन्ही मान्यता एका तोलाच्या आहेत.

उलट उदाहरण पेन स्टेटचं. राज्यभर पसरलेली त्याची कॅम्पस एकाच ॲक्रेडिटेशनखाली आहेत, लहान कॅम्पसच्या क्रमांकाच्या शेवटी 00 नसतं आणि पदवीवर कॅम्पसचं नाव येत नाही. तिथे ‘शाखा’ म्हणणं व्यवहारात चुकत नाही. फायदा असा की लहान गावात दोन वर्षं काढून मोठ्या कॅम्पसला जाता येतं; धोका असा की लहान कॅम्पस बंद पडू शकतात. 2025 च्या मे महिन्यात अशी सात कॅम्पस 2027 च्या वसंत सत्रानंतर बंद करायचा निर्णय झाला. साउथ फ्लोरिडाने तर तीन वेगळ्या ॲक्रेडिटेशन 1 जुलै 2020 ला एकात आणल्या. म्हणून मी ‘सिस्टिम’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न एवढाच विचारतो: ॲक्रेडिटेशन एक की अनेक? बाकी सगळं त्यामागून येतं.

पदवीवरचं नाव ठरतं ते पदवी मिळाल्याच्या तारखेवर, प्रवेशाच्या तारखेवर नाही. ताजं उदाहरण इंडियानापोलिस. 1969 पासून तिथे इंडियाना आणि पर्ड्यू यांचं संयुक्त विद्यापीठ होतं, ‘आययूपीयूआय’ या अवघड नावाचं. 1 जुलै 2024 ला त्याची वाटणी झाली. इंडियानाच्या बाजूला ‘इंडियाना युनिव्हर्सिटी इंडियानापोलिस’ हे विद्यापीठ आलं. अभियांत्रिकी आणि कॉम्प्युटर सायन्स पर्ड्यूकडे गेलं, आणि पर्ड्यूने ते वेगळं विद्यापीठ न करता वेस्ट लफायेटच्या आपल्या मुख्य कॅम्पसचाच विस्तार मानला. जुन्या नावाची पदवी अर्थातच वैध आहे. रेझ्युमेवर मात्र पदवीवर छापलेलं नाव लिहून पुढे ‘आताचं नाव अमुक’ असं लिहावं. पुणे विद्यापीठाच्या 2014 च्या आधीच्या पदवीधरांना हा प्रकार ओळखीचा असेल.

नाव बदलायची सरकारी वाट लांब असते, आणि त्या मधल्या काळातच विद्यार्थ्यांचे घोटाळे होतात. आधी मंडळाचा ठराव. नाव राज्याच्या कायद्यात लिहिलेलं असेल तर विधिमंडळात विधेयक आणि राज्यपालांची सही. मग ॲक्रेडिटेशन संस्थेला, केंद्राच्या शिक्षण खात्याला कळवणं, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ या नोंदणीत 21 दिवसांत दुरुस्ती. वेबसाइट एका रात्रीत बदलते, परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या आणि बँकांच्या याद्या महिनोन्‌महिने जुन्याच राहतात. म्हणून यादीत नवं नाव सापडलं नाही तर जुन्या नावाने आणि कोडने शोधायचं; ‘इतर’ निवडून हाताने नाव लिहायचं नाही. असे गुणपत्रक अहवाल कुणाच्याच टेबलावर पोचत नाहीत.

आता तुमच्या फॉर्मकडे. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात विद्यापीठाचं नाव आय-20 वर (विद्यापीठ प्रवेशानंतर व्हिसासाठी पाठवतं तो कागद) जसं छापलं आहे तसंच, अक्षर न अक्षर. तिथे स्वल्पविराम असेल तर स्वल्पविराम, ‘ॲट’ असेल तर ‘ॲट’. ही विरामचिन्हं शोभेची नसतात: ऑस्टिन आणि डॅलसला ‘ॲट’ आहे, लॉस एंजेलिसला स्वल्पविराम, विस्कॉन्सिन–मॅडिसनला आडवी रेघ, आणि शिकागो व अर्बाना-शॅम्पेनने ‘ॲट’ काही वर्षांपूर्वी गाळलं. बफलोची दोन नावं दिसतील: व्यवहारातलं ‘युनिव्हर्सिटी ॲट बफलो’ आणि कायदेशीर ‘स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क ॲट बफलो’. दोन्ही एकच. धोका तिसऱ्या नावात आहे. त्याच शहरात ‘बफलो स्टेट युनिव्हर्सिटी’ नावाचं दुसरं सरकारी विद्यापीठ आहे, त्याच सिस्टिममधलं. 2023 पर्यंत ते ‘कॉलेज’ होतं, म्हणून गोंधळ कमी होता. फी भरताना यादीत ‘बफलो’ टाइप केलं की दोन्ही वर येतात. चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम परत येते, पण आठवडे जातात, आणि तोवर फीची मुदत टळलेली असते.

जीआरई, टोफेलसारख्या परीक्षांचे गुण पाठवण्याचे कोडही प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे, सिस्टिमचे नव्हेत. बर्कली 4833, लॉस एंजेलिस 4837. एकाला पाठवलेले गुण दुसऱ्याला आपोआप दिसत नाहीत. ‘सिस्टिम एकच आहे, मग त्यांनी एकमेकांत पाठवावेत’ ही अपेक्षा चुकीची.

सारख्या नावांच्या काही जोड्या मनात ठेवाव्यात. ‘युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो’ खाजगी आहे आणि तुमच्या शिकागोशी त्याचा संबंध नाही. मेरीलँडमध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर’ हे वैद्यक, कायदा, दंतवैद्यक, नर्सिंग अशा व्यावसायिक शिक्षणाचं. ‘बाल्टिमोर काउंटी’ हे संपूर्ण वेगळं, कॉम्प्युटर सायन्सवाले जातात ते. आणि ‘युनिव्हर्सिटी ऑफ बाल्टिमोर’ तिसरंच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ खाजगी, पेन स्टेट सरकारी अनुदानाचं. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे. पेनसिल्व्हेनियात ‘इंडियाना’ नावाचं गाव आहे आणि तिथे ‘इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया’ आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने तर 1976 साली कंटाळून स्वतःच्या नावातच ‘इन सेंट लुइस’ घातलं. ‘यूडब्ल्यू’, ‘यूटी’, ‘एमएसयू’, ‘यूएससी’ ही आद्याक्षरं कुठल्याही अधिकृत कागदावर लिहू नका. प्रत्येकाचे किमान दोन-तीन मालक आहेत.

फ्लॅगशिपचा विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जाणवणारा फरक पदवीच्या प्रवेशात जास्त असतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या फ्लॅगशिपला, चॅपल हिलला, पहिल्या वर्षाच्या वर्गात राज्याबाहेरच्यांना 18 टक्क्यांची मर्यादा आहे. ऑस्टिनला बहुतेक जागा टेक्ससच्या मुलांना जातात. पुण्या-मुंबईतून बारावीनंतर जाणाऱ्याला तिथली दारं अरुंद आहेत, ती याच कारणाने. एमएसला हा कोटा लागत नाही. तिथे विभाग ठरवतो.

म्हणून तुमच्या तिन्ही पर्यायांत निवड करताना काका आणि मावसभाऊ दोघांनाही बाजूला ठेवा. संशोधनाच्या कार्नेगी वर्गीकरणात तिन्ही वरच्या आर-1 गटात आहेत. 2025 च्या नव्या निकषांप्रमाणे त्यासाठी वर्षाला किमान 5 कोटी डॉलर संशोधनावर खर्च आणि 70 संशोधन पीएचडी लागतात, आणि अशा संस्था 187 आहेत. त्यापुढचा फरक विभागाच्या पानांवर आहे. मुलीला हवे ते विषय या वर्षी खरोखर शिकवले जाणार आहेत का, की नुसते कॅटलॉगमध्ये आहेत? एमएसच्या मुलांना असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं पगारी काम) मिळते की ती पीएचडीवाल्यांसाठीच राखलेली असते? वर्गात किती जण? हे तीन प्रश्न विभागाच्या ग्रॅज्युएट ऑफिसला एका ईमेलमध्ये विचारा, तिन्ही ठिकाणी तेच शब्द वापरून. कोण किती दिवसांत आणि किती सरळ उत्तर देतं, तेही टिपून ठेवा.